बाबांचे दोन 'हो'

प्रिय टिटवे,

तुझी यादी मिळाली. बाबांचे लोकरी मोजे, रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या, जुना चष्मा, नवा चष्मा, कानातली मशीनं आणि त्यांची चार्जिंगची डबी. 'डबी हातातल्या पिशवीत, मोठ्या सामानात नको' याखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. यादी चांगली आहे. तू पहिल्यापासून याद्यांमध्ये हुशार. शाळेच्या सहलीलासुद्धा यादी तू करायचीस आणि पिशवी मी भरायचे. हे पत्र त्या यादीचंच उत्तर समज, फक्त उत्तरापर्यंत पोचायला मला जरा वेळ लागणार आहे. मेसेज केला असता तर तू दोन मिनिटांत फोन केला असतास, आणि फोनवर मला तुझ्याशी खरं बोलता येत नाही. तुझा आवाज ऐकला की मी ताई होते आणि इकडे सगळं छान आहे म्हणते. कागदाला मध्येच 'अगं पण ताई' करून तोडता येत नाही. म्हणून दुकानातून येताना पोस्टात शिरले आणि पाकीट घेतलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दहा दिवसांत पोचेल. तुझं विमान पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेचं. म्हणजे वेळ आहे.

टिटवी म्हणून तुला किती वर्षांत कुणी हाक मारली नसेल. नाव बाबांनी ठेवलेलं, कारण तू पाळण्यात होतीस तेव्हाही तुझा आवाज तीन घरं पलीकडे जायचा. माझा जन्मापासूनच भसाडा. गाण्याच्या बाईंनी मला मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितले होते. तू पुढच्या रांगेत, मधोमध. बाबा कामावरून आले की दारातूनच विचारायचे, टिटवी कुठाय? दार मी उघडलेलं असायचं, त्यांच्या हातातली पिशवी मी घेतलेली असायची, आणि ते माझ्या डोक्यावरून आत बघत तुला हाक मारायचे. मला त्याचं काही वाटत नाही असं मी तेव्हा आईला सांगायचे. आई मला एक बिस्कीट जास्त द्यायची. आज तुला सांगते, वाटायचं. चांगलंच वाटायचं.

मग बाबांचे कान गेले. बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ते त्या सरकत्या पट्ट्याशेजारी उभे राहिले, जिथे रिकाम्या बाटल्या एकमेकींवर आपटत पुढे जातात. कानात कापसाचा बोळा, तेवढाच काय तो बंदोबस्त. बारा वर्षांपूर्वी पहिली तपासणी झाली तेव्हा कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला चित्र काढून समजावलं होतं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात केसांसारख्या पेशी असतात, आणि बारीक, उंच आवाज ओळखणाऱ्या पेशी नेमक्या दाराशी. सगळा गोंगाट त्यांच्या अंगावरून आत जातो, म्हणून उंबऱ्याजवळची सतरंजी आधी विरते तशा त्या आधी झिजतात. जाड आवाजाच्या पेशी आत, त्या मानाने सुखरूप. म्हणजे आधी पाखरं गेली, मग दाराची घंटा, मग स, श, त, फ ही अक्षरं, आणि मग तुझा आवाज. माझा तेवढा राहिला. बाईंनी विचारलं, समजलं का? मी मान हलवली. मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मनात आलं, बरं झालं.

तेव्हाची मशीनं नुसतं सगळंच मोठं करून कानात ओतायची. बाबांनी ती दोन दिवस लावली आणि कपाटात टाकली. पुढे आई गेली, दोन वर्षांनी तू तिकडे गेलीस, आणि घरात आम्ही दोघं उरलो. त्यानंतर बाबांकडे जायचा रस्ता माझ्या तोंडातून जायला लागला. डॉक्टर मला सांगायचे, मी समोर बसून, ओठ नीट हलवत, खणखणीत आवाजात बाबांना सांगायचे. बँकेतला साहेब मला सांगायचा, शेजारी मला सांगायचे, आणि रविवारी तू स्पीकरवर बोलायचीस तेव्हा बाबा फोनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचे. तुला आठवत असेल, आपण बाबांच्या 'हो'वरून त्यांना किती चिडवायचो. न ऐकताच 'हो' म्हणून टाकायची त्यांची खोड. त्या 'हो'पायी शेजाऱ्यांनी आपली शिडी नेली ती अजून आलेली नाही, आणि इमारतीच्या बैठकीत त्याच 'हो'मुळे ते दोन वर्षं पाण्याच्या टाकीचे प्रमुख होते. पण तुला त्यांचा एकच 'हो' माहीत आहे. त्यांचे 'हो' दोन आहेत. ऐकू आलं नसलं की ते लगेच, हसून, दोनदा म्हणतात: हो, हो. आणि खरोखर ऐकून, पटून म्हणायचा असला की आधी अंगठा गुडघ्यावर घासतात, खाली बघतात, आणि मग एकदाच म्हणतात. हा फरक आईला माहीत होता आणि मला आहे.

चार महिन्यांपूर्वी तुझं खोकं आलं. शेंगदाण्याएवढी दोन मशीनं, त्यांची डबी, बाबांसाठी मोठ्या अक्षरांचा फोन. कानाच्या दवाखान्यातल्या त्याच बाईंनी मशीनं बसवून दिली, फोनवरचं ते अॅप मला शिकवलं: तीन पट्ट्या, जाड, मधला आणि बारीक आवाज, प्रत्येकीला दहा घरं, शिवाय तुझ्या फोनवरूनही तुला त्या पट्ट्या हलवता येतील अशी सोय. घरी आलो तर बाबा लहान मुलासारखे हिंडत होते. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मागे वळून बघत होते. फ्रीज गुणगुणतो म्हणाले. वर्तमानपत्राचं पान चार वेळा उलटून म्हणाले, कागदाला आवाज असतो हे मी विसरलोच होतो. मी आतून विचारलं, चहा टाकू का? नेहमीच्या आवाजात, बारा वर्षं विचारते तसं. त्यांनी दोन्ही हात कानांवर धरले आणि म्हणाले, अगं, ओरडतेस कशाला? मी हसले. चष्म्याच्या दुकानात मी रोज दहा जणांना सांगते की नवा नंबर आहे, आधी फरशी खाली गेल्यासारखी वाटेल, आठ दिवस घाला, सवय होईल. बाईही तेच म्हणाल्या, डोकं आवाज विसरलेलं असतं, त्याला पुन्हा शिकावं लागतं. सगळं खरं. तरी आत जाऊन मी नळ मोठा सोडला आणि बराच वेळ तीच बशी धूत राहिले.

मग तुझे रविवार सुरू झाले. तुझा आवाज आता स्पीकरमधून खोलीत येत नव्हता, थेट बाबांच्या कानात जात होता. मी समोर बसून भाजी निवडायचे आणि मला फक्त बाबांची बाजू ऐकू यायची. इतकी वर्षं ज्या दाराशी मी उभी होते, ते दारच कुणीतरी काढून नेलं. एका रविवारी तुम्ही पन्नास मिनिटं बोललात, आणि बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी विचारलं, काय झालं एवढं? ते म्हणाले, काही नाही गं, आमचं आपलं. आमचं. त्या शब्दानं माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या अजून उतरलेल्या नाहीत. वर तू तिकडून पट्ट्या हलवणार, बाबा, आता बघा, आता स्पष्ट आलं का, आणि बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार की माझी धाकटी हजारो मैलांवरून माझे कान ठीक करते. उंटावरून शेळ्या हाकणं मी ऐकून होते, पण हाकलेल्या शेळ्या एवढ्या खूश असतात हे माहीत नव्हतं. डबी चार्जिंगला कोण लावतं, मशीनांतला मळ त्या बोटभर ब्रशनं कोण काढतं, आंघोळीला जाताना 'बाबा, मशीन' म्हणून कोण हात पुढे करतं, हे कुणी कुणाला सांगत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण त्या अॅपमध्ये 'इतिहास' नावाचं एक पान आहे. कधी आवाज वाढवला, कधी कमी केला, तारीखवार वेळेवार. एका संध्याकाळी बाबा आंघोळीला गेले असताना मी ते उघडलं. रोज साडेसहाच्या सुमारास, एखाद-दोन मिनिटं इकडे तिकडे, दोन्ही कानांचा आवाज अगदी तळाला. साडेसहाला मी दुकानातून घरी येते. रविवारी मी दिवसभर घरी, तर दिवसभर आवाज तळाला, फक्त तुझा फोन चालतो तेवढा वेळ वर. बाबांना अॅप कळत नाही, पण मशीनवर कानामागे एक बटण आहे, ते कळतं. म्हणजे जिन्यात माझी चप्पल वाजली की ते बोटानं मला बारीक करत होते. मी पुनःपुन्हा पानं मागे सरकवली. एक दिवस सुटलेला नव्हता.

टिटवे, पुढचं वाचताना उभी असलीस तर बस. त्याच संध्याकाळी मी बाबांच्या फोनवर 'बारीक'ची पट्टी एक घर खाली ओढली. मशीनं डबीत होती. सकाळी कानात जाताच नवीन नंबर लागू झाला. एकच घर. कुणाला कळतही नाही. मी पाव नंबरावर पोट भरणारी बाई आहे, पाव नंबरानं माणूस कसा ठेचकाळतो ते मला शिकवायला नको. दुकानात नवीन होते तेव्हा एका मास्तरीणबाईंच्या चष्म्यात मी डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. त्या तक्रार घेऊन आल्या तर मी तोंडपाठ सांगितलं, आठ दिवस घाला. आठ दिवस त्या बिचाऱ्या भिंत धरून चालल्या, आपले डोळेच गेले असं समजून. तेव्हा मला रडू आलं होतं. आणि आता मी तेच जाणूनबुजून करत होते, कारण 'बारीक' कमी केलं की माझा भसाडा आवाज बऱ्यापैकी येतो आणि तुझा येतो पण कळत नाही. एका घरानं माझं समाधान झालं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं. तुझ्या लक्षात आलं, तू तिकडून वर केलंस. मी इकडून खाली. तुला कसं कळावं? इतिहासात बदल बाबांच्या फोनवरून झालेला दिसतो, आणि बाबांना अॅप येत नाही हे तुला माहीत, म्हणजे चूक अॅपचीच.

तू दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेतेस, त्यामुळे तू तुझ्या पद्धतीनं गेलीस. तक्ता केलास: तारीख, डावा कान, उजवा कान, किती घरं, कधी. कंपनीला पाठवलास. त्यांनी दोनदा नवीन आवृत्ती टाकायला लावली. मग तू ठरवलंस की दवाखान्यातल्या बाईंनीच मशीन नीट बसवलेलं नाही, आणि त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहिलंस. तक्ता तू मलाही पाठवायचीस, ताई, तुला काही दिसतं का बघ म्हणून. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी तो तक्ता दुकानात काऊंटरखाली धरून वाचायचे आणि मालक आले की पालथा ठेवायचे. तरी थांबले नाही.

आणि बाबा बारीक बारीक होत गेले. बागेत बुद्धिबळ खेळणाऱ्यांचा जो कंपू त्यांना महिनाभर मिळाला होता, तिथे जाणं त्यांनी सोडलं. मशीनचंही वय असतं, संपलं असेल, असं शेजाऱ्यांना म्हणाले. आवाज येतात पण शब्द येत नाहीत, आणि परवापर्यंत येत होते, म्हणजे बिघाड मशीनमध्ये नाही, आपल्यात आहे, अशी त्यांची समजूत झाली. एका सकाळी मला विचारलं, माझं डोकं तर जात नाहीये ना गं? मी म्हटलं, काहीतरीच काय. हेच त्यांनी तुलाही विचारलं असणार, कारण त्यानंतरच तू त्यांना तिकडे न्यायचं काढलंस. तिकडचे डॉक्टर, तिकडची तपासणी, तुझं तळमजल्याचं नवं घर. चौदा तारखेच्या रविवारी तू त्यांना विचारलंस आणि संध्याकाळी मला एकटीला मेसेज केलास: ताई, बाबा हो म्हणाले.

मी तो मेसेज दुकानाच्या मागच्या खोलीत, लेन्स घासायच्या यंत्राशेजारी वाचला असता तर बरं झालं असतं, तिथे यंत्राच्या घरघरीत ओरडता तरी आलं असतं. मी घरात होते. बाबा समोर बसून पेपर वाचत होते, तोंडावर काही नाही. मला एका शब्दानं न सांगता हा माणूस कायमचा निघाला. मला वाटलं, ठीक आहे, पिकतं तिथे विकत नाही. नऊ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. चहा ठेवायचे, ताट ठेवायचे, डबी चार्जिंगला लावायचे, तोंड मिटून. ते सांगतील याची वाट बघत होते. ते काही सांगेनात, आणि त्याचा मला आणखी राग. मधल्या रविवारी तुझा फोन आला तोही चार वाक्यांचा. त्यांना ऐकायचा त्रास होतो म्हणून तू तब्येत विचारून ठेवलास.

या मंगळवारी मी ताट ठेवलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, तू हल्ली बोलत नाहीस, की मला तुझ्या ओठांवरचंही दिसेनासं झालंय? बाबा घाबरले होते गं. खरंच घाबरले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, तुम्हीच तर मी आले की आवाज बंद करता, तर बोलू कशाला? नऊ दिवसांचं आणि चार महिन्यांचं सगळं त्या एका वाक्यात होतं. त्यांना राग कशाचा तेच कळेना. मग म्हणाले, दिवसभर ही मशीनं ऐकून ऐकून डोकं शिणतं. तू आलीस की मी यांना सुट्टी देतो. बाकीच्यांसाठी मशीन लागतं. तुझं मला असंच कळतं. आणि जेवायला लागले, जसं काही पाऊस आला म्हणून खिडकी लावली, एवढंच सांगितलं. मी उठून आत गेले. त्या दिवशीही नळ मोठा सोडला, पण बशी नव्हती हातात.

बाबा हात धुवायला गेले तेवढ्यात मी 'बारीक'ची पट्टी तुझ्या तक्त्यात पहिल्या दिवशी होती तिथे, सातव्या घरावर नेऊन ठेवली. बुधवारी सकाळी दुकानात उशिरा येते म्हणून कळवलं आणि दवाखान्यात गेले. बाईंना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही, आणि बरोबर केलं. खणातून बाबांची फाईल काढली आणि म्हणाल्या, मी तीन वेळा स्वतःचंच काम तपासलं, मला वाटलं माझाच हात बिघडला. एवढंच. तुझं तक्रारीचं पत्र तू मागे घेशील, एवढं मी तुझ्या वतीनं बोलून आले आहे. मला खोटं पाडू नकोस. संध्याकाळी घरी आले तर बाबा बागेतून यायचे होते. आल्यावर त्यांनी सांगितलं की घोडा गेला पण डाव वाचला.

आता तुला वाटेल की पत्र या कबुलीसाठी लिहिलं. तसं असतं तर मी कालच पाकीट चिकटवलं असतं. काल, गुरुवारी, मी तुझ्या यादीप्रमाणे माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली, पुसली, उघडून खाटेवर ठेवली आणि त्यात लोकरी मोजे टाकले. बाबा दारात आले. कानात मशीनं, आवाज पूर्ण. बॅगेकडे बघितलं, मोज्यांकडे बघितलं आणि विचारलं, कोण चाललंय कुठे? मला वाटलं थट्टा करतायत. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मी म्हटलं, कुणी नाही, कसर लागलीय का बघत होते. ते गेल्यावर मी तुझा तक्ता काढला. चौदा तारीख, रविवार: बारीक, दोन्ही कान, शून्य. आदल्या दिवशी मी ती पट्टी अगदी तळाला नेली होती. म्हणजे तू त्यांना नवं घर, तळमजला, डॉक्टर, कायमचं, असं सगळं भरभरून सांगत होतीस तेव्हा त्यांच्या कानात नुसता टिटवीचा आवाज होता, शब्द एकही नव्हता. तू म्हणशील, पण ते हो म्हणाले. मी तेव्हा समोर भाजी निवडत होते, मला त्यांची बाजू ऐकू येत होती, आणि रागाच्या भरात मी ती विसरले होते. ते हसले होते. लगेच. आणि दोनदा म्हणाले होते.

मीच त्यांना समोर बसवून विचारू शकले असते, काल, त्याच खाटेवर. विचारलं नाही, आणि का नाही ते हे: इतकी वर्षं मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून प्रामाणिक राहिलेले नाही. तू दहा वाक्यं बोललीस की मी दोन सांगायचे, आणि ती दोन मी निवडायचे. बाबा तीन वेळा म्हणाले होते, तिला म्हणावं, एकदा येऊन जा, बघावंसं वाटतं. तिन्ही वेळा मी तुला सांगितलं, बाबा मजेत आहेत, काळजी करू नकोस. तुला यायचं नसतं म्हणून तू येत नव्हतीस, असं मी स्वतःला सांगत आले. तुला कुणी बोलावलंच नव्हतं. आता हा प्रश्न मी विचारला तर माझ्या पद्धतीनं विचारेन, आणि माझी पद्धत तुला कळली आहे. मला ते जायला नको आहेत. हे पत्र लिहितानाही नको आहेत. तू त्यांना नेणार या विचारानं माझा अजून जळफळाट होतो, त्यात तिळाएवढा फरक पडलेला नाही. म्हणूनच विचारायचं ते तू.

उद्या मी बाबांना पट्टीचं सगळं सांगणार आहे, मशीनं कानात असताना, हळू आवाजात. तो माझा प्रश्न. तुझं काम एवढंच, की हे पत्र मिळाल्यावरच्या रविवारी फोन कर. मी घरात नसेन, दुकानाची किल्ली माझ्याकडेच असते, तिथे जाऊन बसेन. पट्ट्या तुझ्याच ठेवल्या आहेत, सातव्या घरावर. त्यांना पहिल्यापासून विचार, कायमचं हा शब्द गाळू नकोस. ते लगेच हो, हो म्हणाले तर विश्वास ठेवू नकोस. म्हणावं, बाबा, मी काय विचारलं ते मला सांगा. त्यांनी तुझंच वाक्य तुला परत सांगितलं, मग थोडं थांबले, आणि मग एकदाच हो म्हणाले, तर तो खरा. त्यांचा अंगठा तुला तिकडून दिसणार नाही, पण त्या थांबण्यावरून कळेल. तसा आला तर मला कळव. मी बॅग भरेन, आणि डबी हातातल्या पिशवीत ठेवेन.

तुझीच,
ताई